कोकणातल्या जुन्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टिम टाकताना

मे महिन्यात आणि गणपतीत गावी येणाऱ्या चाकरमान्यांच्या सामानात एखादा जुना लॅपटॉप हमखास असतो. मुंबईच्या घरी नवा आला, म्हणून हा गावच्या पोरांना अभ्यासाला. महिनाभर तो चालतो, मग चालू व्हायला दहा मिनिटं घेऊ लागतो, आणि पावसाळा संपेपर्यंत माळ्यावर जातो. असे लॅपटॉप बहुतेक वेळा बिघडलेले नसतात. त्यांच्यावरची विंडोज त्यांना झेपत नसते, किंवा आतली हार्ड डिस्क म्हातारी झालेली असते. दोन्हींवर उपाय आहे आणि तो घरच्या घरी करता येतो. ज्यांनी आजवर कधी 'फॉरमॅट मारलेला' नाही, म्हणजे जुनं पुसून नवी सिस्टिम टाकलेली नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

हे आत्ताच करायचं कारण आहे. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले, विंडोज ८.१ चे १० जानेवारी २०२३ ला, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा अपडेटची सोय ठेवली, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. तारीख उलटली म्हणून मशीन बंद पडत नाही, पण नव्या सापडलेल्या भोकांना ठिगळ लागत नाही. ज्या मशीनवरून बँकेचं काम, शिष्यवृत्तीचे फॉर्म, सातबारा, आधारची कागदपत्रं हाताळली जातात, तिथे हे चालवून घेऊ नये.

आधी मशीन ओळखा

स्टार्ट मेनूत 'सिस्टिम इन्फर्मेशन' शोधून उघडा. चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम किती, सिस्टिम ६४ बिट की ३२ बिट, आणि बायोस मोडपुढे 'लेगसी' लिहिलंय की 'यूईएफआय'. बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालू होऊन मशीन उठवणारा आतला प्रोग्राम; लेगसी हा त्याचा जुना प्रकार, यूईएफआय नवा. हा कागद पुढे प्रत्येक पायरीला लागतो.

शेवटच्या आधीच्या नोंदीत एक गोम आहे. विंडोज ३२ बिट आहे म्हणजे प्रोसेसरही ३२ बिट आहे असं नसतं. कोअर टू ड्युओ प्रोसेसर ६४ बिट असूनही त्यावर ३२ बिट विंडोज ७ टाकलेले कितीतरी डेस्कटॉप अजून चालू आहेत. प्रोसेसरचं नाव शोधून खात्री करा.

विंडोज ११ अधिकृतपणे चालायला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप), सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टिम चालू होऊ न देणारी सोय), किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचा. पिढी नावातच कळते: आय ५ नंतर ८२५० असेल तर आठवी, ७२०० असेल तर सातवी, आय ३ नंतर २१२० असेल तर दुसरी. आठवी किंवा पुढची निघाली तर शोधाशोध करू नका, सरळ विंडोज ११ वर जा. टीपीएम पुष्कळदा बायोसमध्ये नुसता बंद असतो, तो चालू केला की काम होतं.

अटी चुकवून विंडोज ११ बसवायच्या युक्त्या यूट्यूबवर खूप आहेत. घरच्या रोजच्या मशीनवर त्या करू नयेत असं माझं ठाम मत आहे. मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी देत नाही, आणि मोठा अपडेट अडला की गावात बसून तो सोडवणारं कुणी नसतं. जुन्या मशीनला लिनक्स चांगलं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी सिस्टिम. फुकट आहे, कायदेशीर आहे, आणि त्याचे सुरक्षा अपडेट चालू राहतात.

लिनक्सचे प्रकार डझनावारी आहेत. नवख्याने त्या जंगलात शिरू नये. ४ जीबी किंवा जास्त रॅम असेल तर लिनक्स मिंट २२ घ्या. त्याची मांडणी विंडोजसारखीच आहे, खाली पट्टी आणि डाव्या कोपऱ्यात मेनू, आणि अपडेट २०२९ पर्यंत मिळणार आहेत. तीन रूपांत ते मिळतं. त्यातलं 'एक्सएफसीई' सगळ्यात हलकं, जुन्या मशीनला तेच. ८ जीबी रॅम आणि एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, चिपवाली वेगवान डिस्क) असेल तर 'सिनॅमन' जास्त देखणं आहे. २ जीबी रॅमवर एक्सएफसीई चालतं, पण ब्राउझरमध्ये दोन-तीन टॅबच्या वर उघडू नका. त्याहून कमी रॅम असेल तर आधी रॅम वाढवा, नाहीतर नाद सोडा.

खरंच ३२ बिट प्रोसेसर असलेल्या मशीनचे दिवस भरत आलेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराने ३२ बिटसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं. अशा मशीनवर गाणी, टायपिंगचा सराव, पोरांचे खेळ एवढंच करा. पैशांचे व्यवहार नकोत.

लिनक्सवर जाऊ नये अशीही घरं आणि दुकानं आहेत. टॅलीवर हिशोब असेल, डिजिटल सहीचा टोकन लावून टेंडर भरत असाल, किंवा श्री-लिपीसारख्या फाँटमध्ये लग्नपत्रिका आणि दाखले टाइप करून पोट चालत असेल, तर ते मशीन विंडोजवरच ठेवा. प्रिंटरही आधी तपासा. एचपीचे बहुतेक प्रिंटर लिनक्सवर सहज चालतात. झेरॉक्सच्या दुकानांत सर्रास दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० मात्र वेगळा ड्रायव्हर मागतो आणि नवख्याला तो बसवणं जिकिरीचं जातं.

खारी हवा, दमट भिंती

देशावरच्या माणसाला जे पाहावं लागत नाही ते कोकणात पाहावं लागतं. समुद्राकाठच्या हवेत मीठ असतं, जून ते सप्टेंबर घरातली हवा ओली असते, आणि बंद पडून राहिलेल्या मशीनच्या धातूच्या टोकांवर हळूहळू थर चढतो. पावसाळ्यानंतर कॉम्प्युटर चालू केला की नुसते बीप-बीप आवाज येतात आणि स्क्रीन काळा राहतो, ही इथली नेहमीची तक्रार. दुकानदार 'मदरबोर्ड गेला' म्हणायच्या आधी रॅम काढून बघा.

मशीन बंद करा आणि वायर बोर्डातून काढा. लॅपटॉप असेल तर बॅटरी काढा. ती आत स्क्रूने बसवलेली असेल तर आधी तिचं कनेक्शन सोडवा. मग चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. रॅमच्या दोन्ही टोकांच्या चिमट्या बाहेर दाबल्या की पट्टी सुटते. तिच्या खालच्या काठावर सोनेरी टोकांची रांग दिसेल. ती चकचकीत हवी. काळपट किंवा हिरवट डाग दिसले तर शाळेचा पांढरा मऊ खोडरबर घ्या आणि टोकांच्या लांबीच्या दिशेने हलक्या हाताने फिरवा. जोर नको. खोडरबराचा चुरा मशीनपासून लांब झटका, टोकांना बोट लावू नका, आणि मिळालं तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या सुती फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या. परत बसवताना दोन्ही बाजूंना 'टक्' असा आवाज यायला हवा. एकाच बाजूने आला तर पट्टी तिरकी बसलीय. 'मेलेले' म्हणून बाजूला टाकलेले किती डेस्कटॉप एवढ्यानेच उठून बसतात!

कॅबिनेट उघडलंच आहे तर आतून झाडून घ्या. आत मुंग्यांनी केलेलं घर, झुरळं आणि पंख्यात अडकलेली पाल हे सगळं इथे निघतं. ब्रश वापरा, ओलं फडकं नको.

मदरबोर्डवर रुपयाएवढी एक गोल बॅटरी दिसेल, ३ व्होल्टची, सीआर २०३२ नावाची. कॉम्प्युटरचं घड्याळ प्रत्येक वेळी कुठल्या तरी जुन्या वर्षावर जात असेल तर ती संपलीय. हे किरकोळ वाटतं, पण तारीख चुकीची असली की ब्राउझर प्रत्येक साइटला 'सुरक्षित नाही' म्हणतो आणि माणसाला वाटतं नेट बिघडलं. घड्याळाच्या दुकानातही ती मिळते. सिस्टिम टाकायच्या आधीच बदला.

शेवटची तपासणी हार्ड डिस्कची. विंडोजवर 'क्रिस्टल डिस्क इन्फो' हा फुकट प्रोग्राम चालवा. 'गुड' आलं तर ठीक. 'कॉशन' किंवा 'बॅड' आलं तर आधी त्यातला डेटा बाहेर काढा आणि त्या डिस्कवर काहीही नवं टाकू नका. खरं सांगायचं तर 'गुड' आलं तरी माझा सल्ला २४० किंवा २५६ जीबीची एसएसडी घेण्याचाच आहे. जुन्या मशीनवर खर्च करायला थोडेच पैसे असतील तर ते एसएसडीवर घाला, रॅम त्यानंतर. रॅम घेताना जुनी पट्टी काढून दुकानात न्या. डीडीआर ३ आणि डीडीआर ३ एल दिसायला सारख्या असतात, पण पहिली १.५ व्होल्टची आणि दुसरी १.३५ ची. काही लॅपटॉपना फक्त दुसरीच चालते.

डेटा आधी

शेजारच्या काकींचा कॉम्प्युटर त्यांच्या भाच्याने फॉरमॅट मारून दिला. चालू झाल्यावर काकींनी पहिला प्रश्न विचारला, "अरे, माझे फोटो खंय गेले?" नातवाच्या बारशाचे होते, आणि दुसरी कॉपी कुठेच नव्हती. सिस्टिम पुन्हा टाकता येते, फोटो पुन्हा काढता येत नाहीत.

डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे चार फोल्डर तर घ्याच. त्यापलीकडे डी ड्राइव्ह, ब्राउझरमधले बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्ड, आणि एखाद्या प्रोग्रामने आपल्याच फोल्डरात ठेवलेल्या फाइल्सही आठवून घ्या. कॉपी झाल्यावर ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. दोन कॉपी असाव्यात, आणि एक दुसऱ्या घरात किंवा मुंबईला. २२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली, तेव्हा एकाच कपाटातला कॉम्प्युटर आणि त्याची कॉपी दोन्ही एकदम भिजणं म्हणजे काय, हे नदीकाठच्या कुणाला समजावून सांगायला नको.

विंडोज १० किंवा ११ मध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी सोय, चालू आहे का तेही पाहा. असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवा, नाहीतर डिस्क कायमची कुलूपबंद होऊ शकते.

नवी एसएसडी घेतली असेल तर सगळ्यात निर्धास्त मार्ग असा: जुनी हार्ड डिस्क तशीच्या तशी काढून ठेवा आणि नव्या एसएसडीवर सिस्टिम टाका. काही राहिलं असेल तर यूएसबीच्या केसिंगमध्ये घालून जुनी डिस्क वाचता येते. हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी घालून ती ठेवा.

पेन ड्राइव्ह तयार करणं

नवी सिस्टिम पेन ड्राइव्हवरून टाकायची असते, तो किमान ८ जीबीचा हवा. त्यातलं सगळं पुसलं जाईल. लिनक्स मिंटची आयएसओ फाइल (अख्खी सिस्टिम एका फाइलीत) साधारण ३ जीबीची असते, म्हणजे दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर ती एका दिवसात उतरत नाही आणि रेंज गेली की ब्राउझरमधलं डाउनलोड तुटतं. मिंटच्या साइटवर टॉरेंटचा, म्हणजे फाइल तुकड्यातुकड्यांनी उतरवायचा, पर्याय आहे, तो घ्या. जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं आणि फाइल नीट उतरली का हेही तो स्वतःच तपासतो. सोपा मार्ग म्हणजे मुंबईहून येणाऱ्याला फाइल घेऊन यायला सांगणं.

थेट डाउनलोड केली असेल तर मिंटच्या साइटवर त्या फाइलचा एसएचए २५६ आकडा, म्हणजे फाइलची ओळख पटवणारी लांबलचक खूण, दिलेला असतो. पेन ड्राइव्ह तयार करणाऱ्या, पुढे सांगितलेल्या रुफस प्रोग्राममध्ये फाइल निवडली की शेजारच्या बरोबरच्या खुणेच्या बटणावर तोच आकडा मिळतो. दोन्ही पूर्ण जुळले पाहिजेत. अर्धवट उतरलेल्या फाइलमुळे इन्स्टॉलेशन मध्येच अडतं आणि दोष मशीनला दिला जातो.

रुफस उघडा, पेन ड्राइव्ह निवडा, आयएसओ निवडा. मग तुमचा कागद काढा. बायोस मोड लेगसी लिहिला असेल तर पार्टिशन स्कीम एमबीआर, यूईएफआय असेल तर जीपीटी. स्टार्ट दाबल्यावर पद्धत विचारली तर सुचवलेलीच ठेवा. पेन ड्राइव्ह विंडोज ७ वर बनवत असाल तर रुफसची ३.२२ आवृत्ती घ्या, त्यापुढच्या तिथे चालत नाहीत.

लाइट गेली तर

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. सिस्टिम टाकताना मध्येच लाइट गेली तर मशीन खराब होत नाही. लाइट आल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं, इतकंच. म्हणूनच डेटाची कॉपी आधी. बायोस अपडेट ही मात्र वेगळी गोष्ट आहे. ते चालू असताना वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो, त्यामुळे इन्व्हर्टर किंवा चालू बॅटरी असल्याशिवाय बायोसला हात लावू नका. मृगाच्या आधीचे आणि परतीच्या पावसातले गडगडाटाचे दिवस टाळा. वीज कडाडू लागली की बटण बंद करून भागत नाही, चार्जर आणि नेटची वायर दोन्ही उपसून ठेवा.

बूट आणि इन्स्टॉल

पेन ड्राइव्ह लावून मशीन चालू करा आणि लगेच बूट मेनूची (मशीन कशावरून चालू करायचं ते निवडायच्या यादीची) कळ टपटप दाबत राहा. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ १२, एचपीवर एस्केप आणि मग एफ ९. एसरवर एफ १२ चालते, पण अनेकदा ती आधी बायोसमध्ये जाऊन चालू करावी लागते. बायोससाठी एफ २. यादीत पेन ड्राइव्ह दोनदा दिसला तर यूईएफआय मशीनवर 'यूईएफआय' लिहिलेला निवडा. चालूच होत नसेल तर सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून बघा.

थोड्या वेळाने मिंट समोर येतं, तेही डिस्कला हात न लावता, नुसत्या पेन ड्राइव्हवरून. इथे घाई करू नका. वायफाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेरा, टचपॅड, सगळ्या कळा, प्रिंटर, सगळं चालवून पाहा. आवडलं नाही तर बंद करा, जुनी विंडोज जागच्या जागी आहे. वायफाय दिसत नसेल तर फोन केबलने जोडा आणि फोनवर यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट येईल. इन्स्टॉल झाल्यावर 'ड्रायव्हर मॅनेजर' बहुधा वायफायचा ड्रायव्हर शोधून देतो.

समाधान झालं की डेस्कटॉपवरचं 'इन्स्टॉल' उघडा. भाषा मराठीही निवडता येते. मल्टिमीडिया कोडेकच्या चौकोनात खूण करा, नाहीतर काही व्हिडिओ चालणार नाहीत. पुढचा स्क्रीन महत्त्वाचा. 'विंडोजच्या शेजारी' हा पर्याय दोन्ही ठेवतो, पण मोठी डिस्क असेल तरच घ्या, आणि त्याआधी विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. 'डिस्क पुसून' हा पर्याय सगळं घालवतो. नवी कोरी एसएसडी असेल तर तोच घ्या. मशीनमध्ये दोन डिस्क असतील तर आकारावरून ओळखून बरोबर निवडा; खात्री नसेल तर मशीन बंद करून दुसरीची वायर काढा. वेळेसाठी नकाशावर कोलकाता, मग नाव आणि पासवर्ड. पासवर्ड घरात लिहून ठेवा, अपडेट करताना प्रत्येक वेळी लागतो.

एसएसडीवर साधारण अर्ध्या तासात काम होतं. रीस्टार्ट म्हणेल तेव्हा पेन ड्राइव्ह काढून एंटर दाबा.

पहिल्या दिवशी

सर्वांत आधी 'अपडेट मॅनेजर' चालवा. पहिला अपडेट मोठा असतो, डेटा पॅक बघून बसा. मग 'टाइमशिफ्ट' उघडून सिस्टिमचा एक स्नॅपशॉट घ्या, आणि पुढे आठवड्याला एक, दोनच ठेवायचे असं सांगून ठेवा. काही बिघडलं तर त्यावरून मागे जाता येतं. तो तुमचे फोटो सांभाळत नाही, फक्त सिस्टिम सांभाळतो.

मराठी टायपिंगसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारतीय भाषांखाली मराठी आहे. शाळेत इन्स्क्रिप्ट शिकलेल्यांना इन्स्क्रिप्ट, बाकीच्यांना उच्चारानुसार चालणारा 'कागप'. विंडोजवर युनिकोडमध्ये लिहिलेल्या मराठी फाइल्स लिब्रेऑफिसमध्ये (वर्ड-एक्सेलसारखा प्रोग्राम) नीट उघडतात, अक्षरांचं वळण थोडं बदलतं इतकंच. जुन्या श्री-लिपी किंवा कृतिदेवमधल्या फाइल्स मात्र फाँट नसेल तर अगम्य दिसतील. त्या आधीच विंडोजवर पीडीएफ करून ठेवा.

मशीन घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी असेल तर ब्राउझर, फोटो आणि गाणी असे तीन आयकॉन मोठे करून डेस्कटॉपवर ठेवा, नावं मराठीत द्या, आणि अर्धा तास शेजारी बसा. माऊस त्यांच्या हातात द्या, आपल्या हातात नको.

पुढची आवृत्ती आली की

२२ वरून २२.१, २२.२ अशा छोट्या उड्या अपडेट मॅनेजरच्या 'एडिट' मेनूतूनच होतात. पूर्ण आकडा बदलणारं अपग्रेड मोठं असतं. कुणाकडून मिंट २० असलेला लॅपटॉप आला असेल तर त्याचे अपडेट २०२५ मध्ये संपलेत, २१ चे २०२७ पर्यंत आहेत. २० वरून थेट २२ वर जाता येत नाही, आधी २१ गाठावं लागतं. अशा वेळी मी अपग्रेडच्या भानगडीत न पडता डेटा काढून २२ नव्याने टाकतो, कारण त्यात डेटा पॅकही कमी जातो आणि डोकंही. २१ वरून २२ ला जायचं असेल तर मिंटचं अपग्रेडचं साधन वापरा. त्याआधी सगळे अपडेट पूर्ण करा, टाइमशिफ्टचा नवा स्नॅपशॉट घ्या, बाहेरून टाकलेले प्रोग्राम काढा आणि लॅपटॉप चार्जरला लावून ठेवा. मोठं अपग्रेड आगोटीच्या धांदलीत नको. दिवाळीनंतर, हवा कोरडी आणि लाइट भरवशाची असते तेव्हा करा. आणि पावसाळ्याचे चार महिने मशीन वापरात नसलं तरी दोन-तीन दिवसांआड अर्धा तास चालू ठेवा, आतली ओल वाळते.